पोटरीवरची जखम भरली, तरी रंकाळ्याला फेरी मारून आलं की व्रणाखालीच पाय का सुजतो?

वरून कातडी जुळली, तरी आतल्या वाटा जुळतातच असं नाही. त्वचेत लसिकावाहिन्यांचं केसाहून बारीक जाळं असतं. पेशींभोवती साठलेलं पाणी ते वर जांघेतल्या गाठींकडे नेतं. व्रणात कोलॅजनचे धागे दाट विणले जातात, त्यातून नव्या वाहिन्या सहज आरपार जात नाहीत. मग पाणी खालीच तुंबतं. आडवा व्रण उभ्यापेक्षा जास्त वाटा तोडतो.

कागलच्या आमच्या काकांना ऊस तोडताना कोयता लागलेला, आडवाच. संध्याकाळी कोल्हापुरी काढली की पट्ट्याचा वळ कितीतरी वेळ तसाच! हळूहळू बाजूनं वाटा झाल्या असाव्यात, काही महिन्यांत सूज उतरली. झोपताना पाय उशीवर ठेवा. लाली पसरली, पाय गरम लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.