मळ्यातल्या विहिरीचं पाणी प्यायचं असेल तर

पूर ओसरल्यापासून वाळवा, पलूस आणि तासगाव तालुक्यांतून पाण्याबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले तीन इथे घेतो. तसा हा विषय आरोग्य खात्याचा. पण मळ्यात राहणाऱ्यांच्या उसाला आणि घरातल्या हंड्याला एकाच विहिरीचं पाणी असतं, म्हणून आम्हालाही त्यात बोलावं लागतं.

"वस्ती नदीकाठी आहे. पुराचं पाणी विहिरीत गेलं होतं. आता निवळलंय. तुरटी फिरवून प्यायलं तर चालेल का?" (वाळवा)

नाही. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पुराच्या पाण्याबरोबर गोठ्यातली, उकिरड्याची आणि संडासाच्या खड्ड्याची घाण विहिरीत आलेली असते. निवळलेलं पाणी दिसायला चांगलं दिसतं, आणि २०१९ किंवा २०२१ च्या महापुरानंतर ज्यांच्या घरात जुलाब लागले त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आधी विहीर उपसा, पण घाई नको. रान अजून पाण्यानं भरलेलं असताना विहीर एकदम रिकामी केली तर न बांधलेल्या विहिरीचा काठ आत ढासळतो. भोवतालचं पाणी उतरू द्या, मग थोडं थोडं उपसा. गाळ काढायला माणूस उतरवण्याची वेळ आली तर डिझेल इंजिन विहिरीच्या आत ठेवू नका, धुरानं माणूस आतच बेशुद्ध पडतो. जुन्या खोल विहिरीत इंजिन नसतानाही हवा खराब असू शकते. आत कुणी कोसळलं तर त्याच्यामागे लगेच दुसऱ्यानं उतरायचं नाही. अशानं एका घरातली दोन-दोन माणसं जातात.

मग टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. हिशोब सोपा आहे: विहिरीचा व्यास फुटांत, त्याला पुन्हा व्यासानं गुणा, मग पाण्याच्या खोलीनं आणि शेवटी २२ नं. उत्तर लिटरमध्ये येतं. २० फूट व्यास आणि १५ फूट पाणी असेल तर साधारण १ लाख ३२ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ६६० ग्रॅम पावडर. पुरानंतर पहिल्या वेळी दुप्पट घ्या. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं पाणी तेवढं विहिरीत ओता. तोंडाला फडकं हवंच. हे काम संध्याकाळी करा, रात्रभर पाणी उपसू नका. सकाळी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, करून घ्या. पाणी पिवळं झालं नाही तर पुन्हा डोस द्या. पावडर उघडी राहिली, ओली झाली किंवा वर्षभर पडून असली की तिचा जोर जातो, मग वजन बरोबर असूनही काम होत नाही. विहिरीत गप्पी मासे सोडले असतील तर ते आधी बाहेर काढा, क्लोरीननं मरतात.

तोवर पिण्याचं पाणी चांगलं खळखळ उकळून घ्या.

"घरी चार महिन्यांचं बाळ आहे, वरचं दूध चालू आहे. पाणी उकळून देतो. विहीर उसाच्या रानातच आहे. एवढी काळजी पुरे का?" (पलूस)

उकळून जंतू मरतात, पण युरियातून आलेलं नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. टीसीएलनंही ते जात नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक सांगतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्यानं कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. तसं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, बाळाला थेट दवाखान्यात न्या. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला हा धोका फारसा नसतो. तुमच्या बाळाच्या दुधात मात्र पाणी तपासून होईपर्यंत विहिरीचं पाणी वापरू नका, नळयोजनेचं आणा.

तपासणी कुठे करायची? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत. आमच्याकडच्या शेतीच्या पाणी तपासणीच्या अहवालात 'सिंचनास योग्य' आलं म्हणून ते पाणी प्यायला योग्य ठरत नाही, आम्ही त्यात क्षार बघतो. फिल्टर विकायला येणाऱ्याच्या टीडीएस मीटरवरही विसंबू नका. त्याला जंतूही कळत नाहीत आणि नायट्रेटही ओळखता येत नाही. आरओनं नायट्रेट बरंच कमी होतं, नुसत्या यूव्ही किंवा कँडल फिल्टरनं नाही.

आता रानाकडे बघा. आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६०. सगळं युरियातून दिलं तरी ४५ किलोची पावणेआठ पोती होतात. शेजाऱ्यानं दहा टाकली म्हणून आपण बारा टाकली, तर जास्तीचं उसाला लागत नाही. पाटपाण्याबरोबर ते मुळांखाली उतरतं आणि विहिरीत येतं. नत्रापासून झालेलं नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही. म्हणून हप्ते पाळा: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, पुढे १० आणि मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना) उरलेले ४०. आणि एक फायद्याचं सांगतो. विहिरीच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट निघालं तर एका एकराला तीन इंच पाण्याची एक पाळी म्हणजे सात किलोच्या आसपास नत्र फुकट मिळालं रानाला, युरियात मोजलं तर १५ किलो. तेवढा युरिया कमी करा.

"द्राक्षाला वेंच्युरीतून (बॅरलमधलं खत ओढून पाण्यात मिसळणारी नळी) खत सोडतो. मध्येच लाईट गेली की बॅरलमधलं खत विहिरीत उतरतं असं एकानं सांगितलं. खरं का?" (तासगाव)

खरं आहे. मोटर थांबली की पाइपातलं पाणी मागे विहिरीकडे ओढलं जातं, आणि सोबत खतही ओढून नेतं. मोटर आणि वेंच्युरीच्या मध्ये एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवा आणि हंगामाआधी तो घट्ट बसतो का ते बघून घ्या, कचरा अडकून अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह काही उपयोगाचा नसतो. फवारणीच्या ब्लोअरची टाकी भरतानाही पाइपाचं तोंड औषधाच्या पाण्यात बुडवू नका, वीतभर वर धरा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या तीनदा विसळा आणि ते पाणी टाकीतच ओता, फवारणीत जाऊ द्या. विहिरीच्या काठावर ब्लोअर धुणं आजपासून बंद करा.