लाइट गेली की छतावरचं सोलरही बंद पडतं

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका. दापोलीजवळच्या गावात आम्ही दोघंच राहतो. महिन्याला साधारण २२० युनिट, बिल २,००० च्या आसपास. पावसाळ्यात पाच-सहा तास लाइट जाते. ५ किलोवॉटचं हायब्रिड (लाइनला आणि बॅटरीला दोन्हीकडे जोडलेलं) सोलर आणि १० युनिटची लिथियम बॅटरी मिळून ४,६०,००० रुपयांचं कोटेशन आलंय. ६ लाखांची एफडी आहे, ती मोडू का?

ताई, मोडू नका. या कोटेशनमध्ये दोन गरजांची एकच मोट बांधली आहे: बिल कमी करणं आणि लाइट गेल्यावर घर चालवणं. दोन्हींचा हिशेब वेगळा आहे.

आधी बिल. १ किलोवॉटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देतं, त्यामुळे तुम्हाला २ किलोवॉट पुरतं. ५ किलोवॉटमधली जादा वीज महावितरणकडे जाईल, आणि वर्षअखेरीला उरलेल्या युनिटला मिळणारा दर तुम्ही भरता त्यापेक्षा बराच कमी असतो. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६०,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॉट आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी ७८,०००. बॅटरीला काहीच नाही. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या कोटेशनमध्ये २ किलोवॉट ऑन-ग्रिडचे, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेल्या सोलरचे, १,३०,००० आहेत, म्हणजे अनुदान वजा जाता ७०,०००. महिन्याला १,५०० वाचले तरी चार वर्षांत पैसे सुटतात.

पण हे ऑन-ग्रिड सोलर भर उन्हातही लाइट गेली की बंद होतं. लाइन दुरुस्त करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. पुष्कळ जणांना हे पैसे भरल्यावर कळतं, म्हणून आधीच सांगते.

आता लाइट जाण्याचं. दोन पंखे, चार एलईडी आणि वायफाय मिळून २०० वॉट, सहा तासांत १.२ युनिट. फ्रिज धरून दीड-पावणेदोन. १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन ट्युब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरच्या नेहमीच्या, बॅटऱ्यांमध्ये कागदावर ३.६ युनिट असतात. निम्मी वापरली तरी तुमचं भागतं. तुमच्या त्या दुसऱ्या कोटेशनमध्ये इन्व्हर्टरसह याचे ५५,००० लावलेत. चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतील आणि हा पैसा कधीच परत येणार नाही. तो सुखासाठीचा खर्च आहे, तसाच मनात धरा.

आणि कोकणात लाइट जाते तेव्हा आभाळ भरलेलं असतं. जून-जुलैत मोठी बॅटरीसुद्धा बरीचशी महावितरणच्याच विजेवर भरणार.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुम्ही सोसलं आहे. तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. तशा वेळी हायब्रिड खरंच उपयोगी पडलं असतं, हे मी नाकारत नाही. त्यासाठी साधा नको, सोलर इन्व्हर्टर घ्या. त्याला पुढे दोन पॅनेल जोडता येतात आणि ती लाइट नसतानाही बॅटरी भरतात.

मोठ्या कोटेशनमधून अनुदान वजा केलं तरी ३,८२,००० उरतात. माझ्या हिशेबाने १,२५,०००. फरक २,५७,००० चा. त्यावर ७ टक्के धरले तरी वर्षाला १८,००० व्याज, म्हणजे महिना १,५००. सोलर जेवढं वाचवेल तेवढंच! शिवाय उद्या दवाखान्याची वेळ आली तर बॅटरी विकून पैसे उभे राहत नाहीत.

इन्व्हर्टर मिरगाच्या आधी बसवून घ्या. सोलर दिवाळीच्या सुमाराला, पाऊस सरल्यावर. नारळाची सावली छतावर कुठवर येते ते सकाळ-संध्याकाळ बघून ठेवा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात सांगाडा गंजतो, त्यामुळे तो हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) असल्याचं बिलावर लिहून घ्या. अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर (आलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) लागल्यावरच खात्यात येतं. तोवर ६०,००० कमी पडले तर बँकेतून एफडीवर कर्ज काढा. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं, आणि अनुदान आलं की त्याच दिवशी फेडून टाका.