टॅग अटलांटाचा असला तरी नेवार्कला बॅग घ्यावीच लागते

तुम्ही विचारलंय की आई-बाबा पुणे–दिल्ली–नेवार्क–अटलांटा असे एकाच तिकिटावर येणार आहेत, पुण्यातच अटलांटाचा टॅग लागेल, तर मध्ये कुठे बॅग घ्यावी लागते का, आणि नेवार्कचे 1 तास 50 मिनिटं पुरतील का.

दिल्लीला नाही, नेवार्कला हो. “टॅग शेवटपर्यंतचा आहे, काळजी नको” हे एजंटांचं ठरलेलं वाक्य ऐकलं की माझा संताप होतो. टॅग विमान कंपनीचा, कस्टम्स देशाचं. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता, तिथेच बॅग ताब्यात घेऊन कस्टम्समधून न्यायची, हा नियम आहे. सत्तर वर्षांच्या माणसांना हे आधी सांगितलेलं नसेल, तर ती सरळ पुढच्या गेटची पाटी शोधत निघतात आणि बॅग नेवार्कलाच राहते.

नेवार्कला आधी इमिग्रेशन, मग बॅगांचा पट्टा. इमिग्रेशनची रांग लांबली की कर्मचारी बॅगा पट्ट्यावरून उतरवून बाजूला जमिनीवर मांडून ठेवतात. पट्टा रिकामा दिसला म्हणजे बॅग हरवली असं नाही, आजूबाजूला बघायचं. लाल फीत निम्मं विमान बांधतं, त्यापेक्षा बॅगेचा फोटो फोनमध्ये ठेवा. व्हीलचेअर घेतलीत तर मदतनीस बॅग उचलतो, पण ओळखायची आईंनाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅग हातात आली की सवयीने टॅग फाडायचा नाही! कस्टम्स ओलांडल्यावर पुढच्या प्रवासाच्या बॅगा घ्यायला काउंटर असतो. तिथे तोच टॅग बघून बॅग परत घेतात, पुन्हा चेक-इन नसतं. त्याच्या आधीच गर्दीबरोबर ‘एक्झिट’मधून बाहेर पडलं की पंचाईत. मागच्या प्रवासाचे बारकोडचे छोटे स्टिकर बॅगेवर राहिले असतील तर घरूनच खरवडून काढा, मशीन चुकीचा वाचू शकतं.

बॅग देण्याआधी एक काम तिथेच उरकायचं. दिल्लीच्या ड्यूटी फ्रीची बाटली किंवा परफ्यूम हातात असेल तर मोठ्या बॅगेत घाला, कारण पुढे पुन्हा सिक्युरिटी आहे आणि हातातल्या द्रवांना 100 मिलिलिटरचा नियमही. मेतकूट, गोडा मसाला मुळातच मोठ्या बॅगेत भरा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर असली की वेगळी तपासणी होते. पॉवर बँक मात्र उलट, ती कायम हातातल्या पिशवीत.

आता खाऊ. “सांगू नका, कोण बघतंय” म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचं ऐकू नका. खाण्याचं काही आहे का, या कस्टम्सच्या प्रश्नाला उत्तर ‘हो’. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात, दंड होत नाही. लपवलेली सापडली तर दंड होतो. कढीपत्ता, ताजी फळं, तांदूळ, हरभरे पाठवूच नका. तांदूळ-हरभऱ्यांवर बंदी खाप्रा भुंगेऱ्यामुळे आहे. साठवलेलं धान्य पोखरणारी ही कीड त्यांना देशात नको आहे.

1 तास 50 मिनिटं मी माझ्या आई-वडिलांना देणार नाही. किमान तीन तास, व्हीलचेअर असेल तर चार. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर एअरट्रेनने जायचं, त्याचाही वेळ धरा. एकाच तिकिटावर विमान चुकलं तर कंपनी पुढच्यात बसवते, पण तेवढ्यासाठी त्यांना तिथे ताटकळत ठेवायचं का? तिकिटाचे चार-पाच हजार वाचवायला मुलांनीच हा घोळ निवडलेला असतो, आणि यावर माझं कुणाशीच पटत नाही.

परतीचं तर कुणी विचारतच नाही. येताना दिल्लीला बॅग घ्यायची, कस्टम्स करायचं, पुण्याच्या विमानासाठी पुन्हा द्यायची. काही ठरावीक विमानांना सूट असते, तेव्हा चेक-इनलाच विचारा, “बॅग यानंतर माझ्या हातात कुठे येईल?” पुणेकरांनी परतीला मुंबईला उतरून गाडीने यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं एकाच तिकिटाचं झालं. दोन वेगळी तिकिटं असतील तर दिल्लीलाही बॅग काढावी लागू शकते, आणि मध्ये दुबईसारखा परदेश असेल तर ती घ्यायला तिथला व्हिसा लागतो. अबू धाबीहून अमेरिकेच्या विमानात बसलात तर मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतं, अमेरिकेत उतरल्यावर मध्ये बॅग घ्यावी लागत नाही.

अटलांटाला बॅग आलीच नाही तर पट्ट्याजवळच्या बॅगेज काउंटरवर तक्रार लिहून नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. बॅग फुटून आली तर 7 दिवसांत, उशिरा आली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी दावा करावा लागतो. त्यासाठी चेक-इनला मिळालेली टॅगची पावती बाबांच्या पासपोर्टमध्येच राहू द्या.