बडोद्यात हेल्मेटसाठी अडवलं की लोक पोलिसांवर एवढे का चिडतात?

माझ्या मते दंडापेक्षा धरसोडीमुळे. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्राच्या नव्या कायद्याने हेल्मेट नसल्याचा दंड १,००० रुपये झाला, गुजरातने तो लगेच ५०० वर आणला. डिसेंबरात राज्य सरकारने शहरांत हेल्मेटची सक्तीच नाही असं जाहीर केलं, आणि पुढे हायकोर्टात मात्र सक्ती आहेच म्हणून सांगितलं. आता यात शिव्या कुणी खायच्या? चौकात उन्हात उभ्या असलेल्याने.

परवा घराजवळच्या चौकात मलाच अडवलं. हेल्मेट होतं, पण आरशाला लटकवलेलं. (चूक माझीच, कबूल.) तेवढ्यात शेजारून एक पोरगा ट्रिपल सीट सुसाट गेला, त्याला कुणी हटकलंही नाही. मी म्हटलं, "साहेब, तो बघा ना!" तर उत्तर आलं, "तमे तमारी वात करो." (म्हणजे, तुम्ही तुमचं बोला.) मेमो, म्हणजे दंडाची पावती, घेतला मुकाट्याने. पण डोकं तापलं ते ५०० रुपयांनी नव्हे, त्या सुटलेल्या तिघांमुळे.

नवरात्रात गरबा सुटल्यावर हेच पोलीस रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर असतात. तेव्हा आमच्या आईला ते देवमाणूस वाटतात, आणि मी गप्प बसतो.