विचारा बिनधास्त : 'बायको पाहिजे'ची पाटी आणि टेक्सासमधलं गाव

प्रश्न : भाच्याने मागे लागून 'ट्रू स्टोरीज' हा १९८६ चा अमेरिकन सिनेमा बघायला लावला. एक बारकासा माणूस काउबॉय हॅट घालून लाल गाडीतून गावभर फिरतो, लोक मधेच गाणी म्हणतात, बाकी दीड तास काही घडतच नाही. गावाकडच्या लोकांची टर उडवलीय का यात?
— एक वाचक, कराड

उत्तर : तो हॅटवाला म्हणजे डेव्हिड बर्न, 'टॉकिंग हेड्स' बँडचा गायक, आणि डिरेक्टरही तोच. टॅब्लॉइड पेपरातल्या चित्रविचित्र बातम्यांवरून त्याला ही पात्रं सुचली आणि ती सगळी त्याने व्हर्जिल नावाच्या काल्पनिक गावात आणून बसवली, शूटिंग मात्र खरंच टेक्सासात, डॅलसच्या आसपास. टेक्सास १८३६ ला मेक्सिकोपासून वेगळं झालं, त्याच्या दीडशे वर्षांचा उत्सव गावात ठरलाय आणि शेवटी गॅदरिंग, झाली स्टोरी. 'पुढे काय'ची वाट बघत बसलात तर चिडचिड होणारच.

टर उडवल्यासारखं सुरुवातीला वाटतं खरं. एक श्रीमंत बाई बेडवरून उठतच नाही, दुसरी येता-जाता थापा मारते, एक नवरा-बायको वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, सगळे निरोप पोरांकरवी (अशी एक जोडी आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत असते, आमच्याकडे दोन आहेत). पण बर्न या कोणाकडे बघून डोळा मारत नाही, मन लावून ऐकतो, आणि मुख्य म्हणजे गाणी त्यांच्याच तोंडी देतो. त्या अबोला धरलेल्या नवऱ्याचा जेवणाचा सीन परत बघा, ताटातली लॉबस्टर आणि भाज्या इकडेतिकडे सरकवत तो नवी अर्थव्यवस्था समजावतो, म्हणे आता कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस असा फरकच राहणार नाही. १९८६ मध्ये! हिंजवडीला जाणाऱ्यांनी तर बघावाच.

आणि लुई. त्याचं काम करणाऱ्या जॉन गुडमनला तेव्हा फारसं कोणी ओळखत नव्हतं. लुई म्हणजे कॉम्प्युटर कंपनीतला गुबगुबीत साधा माणूस, लग्न जमत नाही म्हणून घराबाहेर 'बायको पाहिजे' अशी पाटी लावतो, गॅदरिंगमध्ये गाणं म्हणतो की आम्हाला स्वातंत्र्य नको, न्याय नको, प्रेम करायला कुणीतरी हवं. नुसते शब्द वाचले तर टोमणा वाटेल, बर्नच्या मनात थोडा असेलही, पण गुडमन इतकं जीव तोडून गातो की हसायचं राहूनच जातं. ती बेडवरची बाई टीव्हीवर त्याला बघून फोन करते आणि लग्नही बेडवरच लागतं, आता याला टर म्हणायचं तर म्हणा, मी नाही म्हणणार.

प्रश्न : 'रेडिओहेड' बँडचं नाव या सिनेमातनं आलं म्हणतात, खरं का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : हो. डोक्यात रेडिओच्या लहरी पकडणारा रामोन सिनेमात 'रेडिओ हेड' गातो (ते काम टिटो लारिवाचं). त्या इंग्लिश पोरांचा बँड आधी 'ऑन अ फ्रायडे' होता, १९९१ मध्ये रेकॉर्ड कंपनीशी करार झाल्यावर त्यांनी हे नाव घेतलं.

प्रश्न : गाणी ऐकायला लावली तर सगळीकडे एकच आवाज येतोय. सिनेमात तर वेगवेगळे लोक गातात ना?
— तेच कराडचे वाचक

उत्तर : अरे वा, म्हणजे आवडला की! तुम्ही १९८६ चा 'टॉकिंग हेड्स'चा अल्बम लावलाय, नाव तेच 'ट्रू स्टोरीज', पण गाणी बर्नने स्वतः म्हटलीयत. गुडमनचं गाणं, पॉप्स स्टेपल्सचं 'पापा लेग्बा', असा सिनेमातल्या आवाजांचा पूर्ण साउंडट्रॅक थेट २०१८ ला आला. पॉप्स म्हणजे 'स्टेपल सिंगर्स'वाले गॉस्पेल गाणारे म्हातारबुवा, लुईचं लग्न जमावं म्हणून त्यांनी या गाण्यातून घातलेलं साकडं बर्नच्या गळ्यात अगदीच कोरडं वाटतं. तेव्हा शोधताना वर्ष बघून लावा.