कॅमेरा लायब्ररी कुठल्या भाषेत लिहावी?

यूएसबीने जोडलेला कॅमेरा प्रोग्राममधून चालवणारी लायब्ररी लिहायची, तर भाषा निवडताना आधी एवढंच बघ, की तुझी लायब्ररी वापरणार कोण. कुणी पायथनमधून हाक मारेल, कुणी सी++ मधून. या सगळ्यांना समजतो तो सीचा इंटरफेस. लिबजीफोटो2 ही कॅमेरे चालवणारी लायब्ररी सीमध्ये आहे आणि पायथनवाले ती बाइंडिंग (दोन भाषांना जोडणारा कोड) लावून आरामात वापरतात.

म्हणून बाहेरचा दरवाजा सीचा ठेव. आत मात्र मी रस्ट ही भाषा घेईन. कारण सांगतो. यूएसबीवर पीटीपीचं (कॅमेऱ्याशी बोलायच्या प्रोटोकॉलचं) उत्तर येतं त्याच्या सुरुवातीला 12 बाइटचं हेडर असतं: 4 बाइट लांबी, 2 प्रकार, 2 कोड, 4 ट्रान्झॅक्शन आयडी. त्या लांबीवर डोळे झाकून विश्वास ठेवलास आणि कॅमेऱ्याने भलताच आकडा पाठवला, तर सीमध्ये बफरबाहेरची मेमरी वाचली जाते, कधीकधी कसलाही आवाज न होता. रस्टचा स्लाइस (आपली लांबी माहीत असलेला मेमरीचा तुकडा) तिथल्या तिथे थांबवतो. (अनसेफ, म्हणजे या तपासण्यांना बगल देता येणारा कोड, लिहीत सुटलास तर मात्र कुणीच वाचवणार नाही.)

वेगाची काळजी सोड, बराचसा वेळ केबल आणि कॅमेराच खातात. सुरुवातीचे प्रयोग पायथनमध्ये कर, यूएसबीशी बोलायला पाययूएसबी ही पायथन लायब्ररी पुरेशी आहे. आणि रस्ट येत नसेल, पण सी पक्कं असेल, तर सीच घे. कॅमेऱ्यांच्या तऱ्हा समजून घेणंच पुरेसं डोकं खातं.