कॅथलिक बाईने गर्भपात करायचा की नाही, हे मुंबईत नक्की कोण ठरवतं? चर्च की ती स्वतः?

कायद्यापुरतं विचाराल तर ती स्वतः, आणि तिच्यासोबत डॉक्टर. 1971 च्या कायद्यात सज्ञान बाईची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. (काही दवाखाने तरी ती मागतातच, तो भाग वेगळा.) 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांतल्या स्त्रियांना 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने करता येतो. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात अविवाहित स्त्रियांनाही धरलं. तरी हा मागितला की मिळणारा हक्क नाही. कायद्यातलं कारण डॉक्टरला पटावं लागतं.

चर्चची भूमिका ठाम आहे: गर्भधारणेपासून तो जीव माणूसच, म्हणून हेतुपुरस्सर गर्भपात हे गंभीर पाप. पण गर्भाशयाच्या कर्करोगावर उपचार करताना गर्भ वाचला नाही, तर चर्च त्याला गर्भपात मानत नाही, कारण हेतू गर्भ मारण्याचा नसतो. शिवाय 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला. वांद्रे-वसईकडे ‘चर्चमधून कायमचं काढतात’ असं कुणी म्हणालं, तर हे सांगा.

माझं मत विचाराल तर चर्चने आपल्या माणसांना शिकवण जरूर द्यावी, पण सहीचा कागद तिच्याच हातात राहावा. सासू फादरांचं नाव पुढे करून दटावते, ती शिकवण नव्हे, दडपण.